प्रकल्प नोंदी : पाचवीचा वर्ग, चार फोन आणि एक चंद्र

18 जून 2025, बुधवार

शाळा उघडून तिसरा दिवस. पाचवीचा पट 27, हजर 24. परिसर अभ्यास भाग 1 मधले सूर्यमालेचे आणि पृथ्वीच्या फिरण्याचे पाठ यंदा ऑगमेंटेड रिअ‍ॅलिटी वापरून शिकवायचे, असं सुट्टीतच ठरवलं होतं. मराठीत कुणी याला संवर्धित वास्तव म्हणतं, कुणी विस्तारित. आम्ही एआर म्हणणार. फोनच्या कॅमेऱ्यातून समोरचा वर्ग दिसतो आणि त्याच वर्गात, टेबलावर, नसलेली वस्तू ठेवल्यासारखी दिसते, एवढंच ते.

मुख्याध्यापक सर म्हणाले, “करा मॅडम, पण अभ्यासक्रम मागं पडू देऊ नका. आणि कुणाचा फोन फुटला तर माझ्याकडं येऊ नका.” म्हणजे परवानगी मिळाली.

शिकवण्याआधी मुलांच्या डोक्यात काय आहे ते बघायला कोरे कागद वाटले. चंद्र रोज वेगळा का दिसतो? चित्र काढा, दोन ओळी लिहा. निम्म्याहून जास्त कागदांवर एकच उत्तर: पृथ्वीची सावली पडते. काहींनी ढग लिहिले. एकीनं लिहिलं, “देव रोज थोडा थोडा पितात.” हे आजीकडून आलेलं. पुराणात तसंच आहे, तेव्हा आजीला पैकीच्या पैकी.

सावलीच्या उत्तराला मी हसणार नाही. डी.एड. करेपर्यंत माझाही तोच समज होता, आणि तो कुणी खोडला नव्हता. सावली पडते ती फक्त ग्रहणात.

7 सप्टेंबरला खग्रास चंद्रग्रहण आहे, भारतभर दिसणारं. तोवर वेळ आहे. त्यानंतर हाच कागद पुन्हा द्यायचा.

24 जून, मंगळवार

आज नुसती तोंडओळख. एका फुकटच्या अ‍ॅपमधला वाघ वर्गाच्या मधोमध उभा केला. माझ्या फोनवर झकास दिसला. मुलं किंचाळली, बाकांवर चढली, दुसरीचा वर्ग खिडकीत गोळा झाला.

आमचा तालुका जुन्नर. इथं उसात बिबट्या असतो हे मुलांना पुस्तकातून शिकावं लागत नाही. माणिकडोहचं बिबट निवारा केंद्र पाहिलेली मुलं वर्गात आहेत, आणि अंधार पडल्यावर एकट्यानं बाहेर जायचं नाही हे ऐकत वाढलेली तर सगळीच. एक मुलगा फोनकडं न बघता वाघ जिथं “उभा” होता त्या फरशीकडं बघत भिंतीला टेकून राहिला. दुसऱ्यानं त्याला धीर दिला, “आरं ह्याला पट्टे हायेत, आपला न्हाई हा.”

तासाच्या शेवटी विचारलं, वाघाबद्दल नवीन काय कळलं? एक जण म्हणाला, “तो टेबलातून आरपार जातो.” बाकी शांतता. वाघाचा तास वाया गेला असं मी धरते. आरडाओरडा झाला म्हणजे शिकणं झालं, असं प्रशिक्षणांत दाखवल्या जाणाऱ्या व्हिडिओंवरून वाटतं खरं. चित्रातला वाघ फोनमध्ये आला, यापलीकडं काही घडलं नाही.

चंद्राचं वेगळं आहे. त्याचं दिसणं आपण कुठं उभे आहोत त्यावर ठरतं. जिथं जागा बदलल्यावर दिसणं बदलतं, तिथं एआरला काम असावं. असा माझा अंदाज.

1 जुलै, मंगळवार

चार फोन जमले: माझा, मुख्याध्यापकांचा, आणि दोन पालकांचे जुने. गूगलची एआरकोअर नावाची यंत्रणा ठरावीक फोनांवरच चालते. यादी काढली, तर चारांत एकटा माझा फोन बसतो. म्हणजे वाघवालं अ‍ॅप असंही बाद.

पुण्यात इंजिनीअरिंगला असलेला भाचा म्हणाला, “मावशी, मार्करवाली पद्धत घे. एआर डॉट जेएस. ब्राउझरमध्ये चालते, कॅमेरा असला की झालं.” मार्कर म्हणजे जाड काळी चौकट छापलेलं कार्ड. कॅमेरा चौकटीचे चार कोपरे शोधतो, त्यावरून कार्ड किती लांब आणि किती तिरकं ते काढतो, आणि त्या जागी चित्र बसवतो. ही युक्ती हिरोकाझू काटो या जपानी संशोधकाच्या एआरटूलकिटमधून 1999 च्या सुमारास पसरली. आमची मुलं पुस्तकांवरचे दीक्षा या सरकारी अ‍ॅपचे क्यूआर कोड बघत मोठी झालीत, त्यामुळं कार्डासमोर फोन धरायचा हे सांगावंच लागलं नाही. क्यूआर कोड शाळेच्या पुस्तकात आणण्याचं श्रेय आपल्याच सोलापूरकडच्या परितेवाडीतल्या रणजितसिंह डिसले गुरुजींकडं जातं.

माझं पान लॅपटॉपवर, फोन लॅपटॉपच्या हॉटस्पॉटवर, म्हणजे इंटरनेट नको, असा माझा हिशोब. पान उघडलं, कॅमेरा उघडेना. परवानगीसुद्धा विचारेना. दोन तास गेले. कारण साधं निघालं: पत्ता https ने सुरू होत नसेल तर ब्राउझर पानाला कॅमेरा देतच नाही. लॅपटॉपवर ते चाललं, कारण स्वतःच्याच यंत्रावरच्या पानाला सूट असते. शेवटी पान इंटरनेटवर फुकट जागेत चढवलं. आता शाळेत येण्याआधी पाण्याच्या टाकीपाशी, जिथं रेंज येते तिथं, चारही फोनांवर ते उघडायचं आणि तसंच उघडं ठेवून वर्गात न्यायचं.

5 जुलै, शनिवार

उद्या आषाढी. आज शाळेची दिंडी. प्रकल्पाचं काम शून्य, पावसात भिजणं भरपूर.

9 जुलै, बुधवार

हे सविस्तर लिहून ठेवते, पुन्हा कुणाची रात्र जायला नको.

चंद्राचा गोल कार्डावर आला. चंद्राभोवती फिरणाऱ्या नासाच्या एलआरओ यानाच्या छायाचित्रांतून बनवलेला पृष्ठभागाचा नकाशा फुकट मिळतो, तो गोलावर चढवला. मोठी फाइल घेतली तेव्हा जुने फोन तापून पान बंद पडायचं. रुंदी 1024 पिक्सेलवर आणल्यावर चालायला लागलं.

मग कार्डाभोवती फिरून पाहिलं. चंद्र कुठूनही सारखाच अर्धा. उजवी बाजू उजळ ती उजळच. म्हणजे सूर्य माझ्याबरोबर फिरत होता.

भाच्याला फोन. “मावशी, दिवा कुठं ठेवलायस?”

“सीनमध्ये.”

“मग चुकलंच. इथं कॅमेरा जागचा हलत नाही. कॅमेरा मधोमध बसलाय आणि कार्डच त्याच्याभोवती फिरतंय, असं या पद्धतीचं गणित असतं. तू दिवा सीनला बांधलास म्हणजे स्वतःच्या कपाळाला बांधलास.”

कोपर्निकसच्या आधीचं सॉफ्टवेअर म्हणायचं हे! दिवा मार्करच्या आत टाकला. आता उजेड भलतीकडूनच. पुन्हा फोन. सूर्यासारखा एका दिशेनं उजेड टाकणारा दिवा एका बिंदूकडं तोंड करून असतो. तो बिंदू आपण सांगितला नाही तर शून्यावर धरला जातो, आणि शून्यावर बसलाय कॅमेरा. म्हणजे माझा सूर्य चंद्राकडं न बघता फोनकडं बघत होता. लक्ष्याचा बिंदूही मार्करच्या आत ठेवला आणि साडेअकराला चंद्र ताळ्यावर आला. कार्डाभोवती चालत गेलं की अर्धा, मग फुगीर, मग पूर्ण. स्वयंपाकघरात एकटीनं चार प्रदक्षिणा घातल्या.

14 जुलै, सोमवार

मांडणी अशी: वर्गाच्या मधोमध स्टूल, म्हणजे पृथ्वी. भोवती दोरीला टांगलेली आठ कार्डं, प्रत्येकाची चौकट वेगळी, प्रत्येकावर चंद्र. सूर्य खिडकीकडं धरलेला. स्टुलावर बसलेल्यानं फोन घेऊन गोल फिरायचं, म्हणजे अमावास्येपासून पुन्हा अमावास्येपर्यंत सगळा महिना दिसतो.

प्रत्यक्षात काय झालं:

कार्डं टिकावीत म्हणून लॅमिनेट करून आणली होती. ट्यूबलाइटची चमक पडली की चौकट कॅमेऱ्याला दिसेना. साध्या कागदाची परत छापली, मागं पुठ्ठा.

दोन कार्डं उत्साहानं नीटनेटकी कापली होती, काळ्या चौकटीला अगदी लागून. ती ओळखलीच जात नव्हती. काळ्याच्या बाहेर पांढरी कड लागते. कापणारी मीच.

खिडकीकडच्या कार्डावर मागून उजेड, म्हणून कॅमेऱ्याला सगळं कार्डच काळं. शेवटी सूर्य फळ्याकडं हलवला. खिडकीतून ऊन येत असताना मुलांना “सूर्य फळ्यावर आहे असं समजा” म्हणणं मला जड गेलं. त्यांना काहीच वाटलं नाही.

एकानं सवयीनं बोट वरून खाली ओढलं, पान पुन्हा लोड व्हायला गेलं, रेंज नाही, चंद्र गेला. त्या फोनचा तास संपला. भाच्याला सांगून ती सोय बंद करून घेतली.

आणि एक गोष्ट इतकी छान झाली की बाकी सगळं माफ. फळ्याकडच्या कार्डासमोर फोन धरून एक मुलगी म्हणाली, “मॅडम, ह्या कार्डात बिघाड आहे. चंद्रच येत नाही.” मी काही बोलले नाही. तिनं फोन शेजारणीला दिला आणि स्वतः दोरीखालून वाकून कार्डाच्या पलीकडं, फळ्याला पाठ लावून उभी राहिली. मग फोन मागून घेतला, हात वर करून कार्डाच्या कडेनं वाकडातिकडा धरला. उजळ कड दिसली. “आहे की! तिकडून तोंड केलंय त्यानं.” ही आमच्या वर्गातली पहिली समजलेली अमावास्या.

22 जुलै, मंगळवार

तिसरा आठवडा. सगळ्यांची स्टुलावर पाळी झाली. चंद्राच्या कला ओळखतात, क्रमानं लावतात. आज सहज पुन्हा तोंडी विचारलं, चंद्र अर्धा का दिसतो?

“पृथ्वीची सावली.”

एकानं नाही, बऱ्याच जणांनी. मला घाम फुटला. स्टुलावर बसून, फिरून, बोटानं दाखवून पुन्हा तेच! मागच्या बाकावरच्या एकाला विचारलं, बाबा रे, तू तर बरोबर सांगत होतास, मग सावली कुठून आली? तो म्हणाला, “त्या दुसऱ्या कार्डात पृथ्वी न् चंद्र किती जवळ आहेत. सावली पडणारच की.”

दुसरं कार्ड म्हणजे “बाहेरून बघा” म्हणून मी बनवलेलं: मधे पृथ्वी, वीतभर अंतरावर चंद्र फिरतोय. पोरगा शंभर टक्के बरोबर. वीतभर अंतरावरच्या चंद्रावर दर महिन्याला सावली पडलीच पाहिजे. पुस्तकातल्या आकृत्याही कागदाच्या मापात बसवण्यासाठी अशाच दाबलेल्या असतात. मी तोच दाब जरा महागड्या रीतीनं केला, आणि आधीच घट्ट असलेल्या चुकीच्या समजुतीला फिरतं, चमकतं चित्र पुरवलं.

ते कार्ड आज फाडलं. सगळ्यांसमोर, कारण सांगून.

परवा दिव्याची अवस. भाच्याशी बोलायचंय.

30 जुलै, बुधवार

एआरचं काम थांबलंय, पण एक नोंद आवश्यक. सोमवारी संध्याकाळी घटकाभर ढग हटले आणि शुद्ध पक्षातली कोर दिसली. काल-आज तीन वह्यांत चित्रं आली. तिन्हींत कोर आडवी कललेली, खालून उजवीकडून उजळ, कोयता टाकून ठेवल्यासारखी. आमच्या फोनमधली कोर मात्र सरळ उभी. एकीनं विचारलं, “आपला चंद्र झोपलेला आणि फोनमधला उभा, असं का?”

कारण आपण विषुववृत्तापासून फार लांब नाही. सूर्य आपल्याकडं बराच सरळ खाली बुडतो, कोर त्याच्याकडं तोंड करून असते, म्हणून ती खालून उजळलेली दिसते. युरोपात ती जास्त उभी असते, आणि चित्रं बहुतेक तिकडून येतात. मी कोर वर्गाच्या मापानं लावली होती, आकाशाच्या नाही. मुलीच्या वहीवर लाल पेनानं “छान” लिहिलं. ते फारच कमी पडतं.

खोडदची दुर्बीण चंद्र बघते का, हाही प्रश्न आला. 45 मीटर व्यासाच्या त्या 30 ताटल्या आमच्या तालुक्याचं भूषण, पण त्या रेडिओ लहरी ऐकतात, डोळ्यासारखं बघत नाहीत. “म्हणजे कान आहेत,” एक जण म्हणाला. पुढं सरकलो.

6 ऑगस्ट, बुधवार

आज फोन कपाटात. व्हरांड्यात दोरी.

हिशोब फळ्यावर मुलांकडूनच करून घेतला. पृथ्वीचा व्यास सुमारे 12,700 किलोमीटर, चंद्राचा सुमारे 3,475, अंतर 3,84,400. शाळेचा फुटबॉल 22 सेंटिमीटर, तो पृथ्वी. मग चंद्र 6 सेंटिमीटर, जवळपास टेनिसचा चेंडू. तो कुठं धरायचा? आधी प्रत्येकाला अंदाजानं धरायला लावला. बहुतेकांनी हातभर अंतरावर धरला, सर्वांत धाडसी मुलगी चार पावलं गेली. मग दोरी मोजली: 6 मीटर 60 सेंटिमीटर. चेंडू व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला, सहावीच्या दारापाशी. कुणी काही बोललं नाही. मग एक जण हळूच म्हणाला, “एवढा लांब?”

सूर्य या मापात 24 मीटर रुंद आणि अडीच किलोमीटरवर. तो कुणाच्या शेतात येईल यावर मधल्या सुट्टीपर्यंत वाद. मिटला नाही.

मग कल. चंद्राची वाट पृथ्वीच्या वाटेला 5 अंशांनी तिरकी आहे. 5 अंश म्हणजे किती, तर दोरीच्या टोकाला जास्तीत जास्त 59 सेंटिमीटर वर किंवा खाली, दोन फूट धरा. एक मुलगा बाकावर चढून चेंडू धरून उभा राहिला. आणि पृथ्वीची सावली चंद्रापाशी पोचेपर्यंत निमुळती होत जाते, आमच्या मापात उरते 16 सेंटिमीटर रुंद. मी म्हणाले, “बघा, सावली खालून गेली, चंद्र वरून.”

“कुठाय सावली?”

खरंच, कुठाय? हवेत सावली दिसत नाही. पावसाळी दिवस, ढगाळ उजेड, फुटबॉलची सावली जमिनीवरसुद्धा धड पडत नव्हती. बाकावरचा मुलगा कशाच्या वर उभा आहे हे बाकीच्यांना दिसत नव्हतं.

8 ऑगस्ट, शुक्रवार

फुटबॉल खरा, चेंडू खरा, अंतर खरं. फोननं फक्त सावली दाखवायची, बाकी काही नाही.

पहिला प्रयत्न फसला. कार्ड फुटबॉलपाशी ठेवून सावली तिथून 6 मीटर 60 लांब काढायला लावली, तर ती टोकाला वेड्यासारखी नाचते. कार्डाचा कोन मोजताना एका अंशाची चूक झाली की तिकडं साडेअकरा सेंटिमीटरचा फरक पडतो. भाचा म्हणाला, “लांबचं दाखवायचं असेल तर कार्डच लांब ठेव.” मग ए-3 कागदावर मोठी चौकट छापून सहावीच्या दाराशेजारच्या भिंतीवर फुटबॉलच्या उंचीला लावली. त्यावर फक्त 16 सेंटिमीटरची करडी चकती. बघणाऱ्यानं दोन-तीन पावलांवर उभं राहायचं.

चंद्राचा नकाशा नाही, फिरणं नाही, तारे नाहीत. इतकं ओकंबोकं एआर कुणी बनवलं नसेल.

12 ऑगस्ट, मंगळवार

चाललं.

दोरी ताणलेली, फुटबॉल स्टुलावर, एक जण बाकावर चेंडू घेऊन, दोघं फोन घेऊन भिंतीसमोर. “सावली दिसली का?” “दिसली. चंद्र केवढा वर आहे!” मग चेंडूवाल्याला फुटबॉलभोवती अर्धी चक्कर मारायला लावली. दोरी वळवताना एक पाय डबक्यात. पुढच्या फेरीत त्यानं भिंतीपाशी येताना चेंडू दोन फूट खाली धरला. तरीही चुकला. “मॅडम, हा तर कधीच सावलीत जाणार नाही.” “तिरक्या वाटेवरून वरून खाली येताना मधे कुठं तरी दोरीच्या उंचीला येईल ना?” त्यानं चेंडू हळूहळू खाली आणला. फोनवाले ओरडले, “गेला! सावलीत गेला!”

इथं एका दोषाचा फायदा झाला. या पद्धतीत फोनला खरा चेंडू पुढं आहे की मागं हे कळत नाही, तो आपली चकती नेहमी वरच काढतो. एरवी हे फार खटकतं. इथं मात्र चेंडू चकतीच्या जागी आला की आपोआप करडा होतो. ग्रहण फुकटात मिळालं.

रात्री एक जुना अभ्यास पुन्हा वाचला. ब्रिटनमध्ये केरवाला आणि सहकाऱ्यांनी 2006 साली दहा वर्षांच्या मुलांना हाच विषय, सूर्य, पृथ्वी आणि चंद्र, एआरनं आणि नेहमीच्या पद्धतींनी शिकवून पाहिला होता. एआरच्या तासांत मुलं कमी गुंतली. नेहमीच्या तासात ती स्वतः सूर्य-पृथ्वी बनून फिरत होती, एआरच्या तासात शिक्षक दाखवायचे आणि मुलं बघायची. जूनमध्ये वाचलं तेव्हा वाटलं, वीस वर्षांपूर्वीची यंत्रं, तेव्हाचं काय घ्यायचं! आता वाटतं, माझा वाघ तिथंच होता, आणि ते फाडलेलं कार्डही.

23 ऑगस्ट, शनिवार

राष्ट्रीय अंतराळ दिन. 2023 साली याच तारखेला चांद्रयान-3 चंद्राच्या दक्षिण ध्रुवाच्या बाजूला उतरलं. योगायोगानं आज अमावास्याही आहे. परिपाठात विचारलं, आज चंद्रावर सगळीकडं अंधार असेल का? जुलैमध्ये कार्डात बिघाड शोधणारी मुलगी हात वर करून उभी राहिली: “नाही, पलीकडं दिवस आहे.” मग कुणी तरी विचारलं, चांद्रयानाच्या विक्रम लँडरनं दोनच आठवडे का काम केलं? कारण तिथला दिवस आपल्या सुमारे 14 दिवसांएवढा. सूर्य मावळला, वीज संपली, थंडी पडली. “आमच्यासारखं लोडशेडिंग,” असा निष्कर्ष निघाला.

एका पालकानं त्यांचा फोन परत मागितला. मुलगा कॉलेजला लागलाय. उरले तीन.

26 ऑगस्ट, मंगळवार

उद्या गणपती. चंद्रनिरीक्षणाच्या वहीत उद्याची चौकट कोरी राहणार हे गृहीत धरलंय. चतुर्थीचा चंद्र बघितला की आळ येतो. घरोघरी मोठी माणसं मुलांचे डोळे झाकतील, तिथं मी सायन्स घेऊन जाणार नाही. एकानं तोडगा काढला, “मॅडम, परवाच्या चंद्रावरून उद्याचा काढता येईल की.” हे चालेल. आळही नाही आणि चौकटही भरली.

7 तारखेच्या ग्रहणाच्या वेळा लिहून दिल्या: सावली रात्री दहाच्या जरा आधी शिवणार, अकराला खग्रास, साधारण 82 मिनिटं. वेध पाळणाऱ्या घरांसाठी सुचवलं, अंगणातून बघा, जेवण आधी उरकून घ्या. पालकांपैकी कुणीच हरकत घेतली नाही. बिबट्याची काळजी सगळ्यांनी घेतली: मोठं माणूस बरोबर असल्याशिवाय बाहेर नाही.

9 सप्टेंबर, मंगळवार

रविवारी रात्री आमच्याकडं ढग येत-जात होते. मी गच्चीवर होते. दहानंतर डाव्या बाजूनं कुरतडल्यासारखा दिसला, मग ढग, मग अकराच्या पुढं पाच-सात मिनिटं पूर्ण तांबडा, पुन्हा ढग. भाच्याचा पुण्यातून मेसेज, “मावशी, तुझी करडी चकती लाल करावी लागणार.” पृथ्वीभोवतीच्या हवेतून वाकून आलेला तांबडा उजेड आमच्या चकतीत नव्हताच. करू.

वर्गातल्या निम्म्या मुलांनी बघितलं. काही झोपली, काहींच्या आकाशात ढग, एकीच्या घरी आजीनं दार उघडू दिलं नाही. आज कोरा कागद पुन्हा दिला, जूनचाच प्रश्न. सावली लिहिणारे अजून तीन आहेत. त्यातला एक म्हणाला की रविवारी त्यानं स्वतःच्या डोळ्यांनी सावली पडलेली बघितली, मग त्याचं उत्तर चूक कसं? बरोबर आहे त्याचं, प्रश्नच नीट विचारायला हवा होता. उद्या त्याला आणि दोरी घेऊन पुन्हा व्हरांड्यात.

जूनमध्ये भिंतीला टेकून उभा राहिलेला मुलगा फारसं लिहीत नाही. त्याच्या कागदावर शेजारीशेजारी दोन चंद्र. एकाखाली “कोर”, दुसऱ्याखाली “ग्रहण”. कोरीची दोन्ही टोकं त्यानं बरोबर समोरासमोर काढलीत, पट्टी लावली तर मधून जाईल अशी. ग्रहणाच्या चंद्राला कुरतडलेली कड मोठ्या गोलाची, टोकं समोरासमोर नाहीत. खाली एकच ओळ:

“ह्याची शिंगं येगळी होती, बाबांना पण दाखवली.”